डोक्याला मार लागलेल्याला त्या दिवशी बाहेर बसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या आपल्या जिल्हा पानावर रोज एखाद्या गावच्या ‘भव्य कबड्डी सामन्यां’ची बातमी असते. मी ती वाचतो. चार ओळी झाल्या की डोळे मिटून घेतो, मग पुढच्या वाचतो. बारा वर्षे मी कबड्डीत कोपऱ्यावर खेळलो. चढाईवाल्याचा घोटा धरायला झेप घेतली की आपले डोके बरोबर त्याच्या गुडघ्यासमोर येते.

मला तीनदा जबर लागले. पहिल्यांदा कानशिलावर गुडघा बसला. दुसऱ्यांदा आमच्याच संघातल्या कव्हरच्या, म्हणजे मधल्या पकडवाल्याच्या, डोक्यावर डोके आदळले. तिसरा मार उपांत्य सामन्यातला. डोळ्यांपुढे अंधारी आली, ओकारी झाली. “काही होत नाही बे, पाणी मार अन् उतर,” सगळेच म्हणाले, आणि मलाही उतरायचेच होते. त्याच रात्री अंतिम सामना खेळलो. आम्ही जिंकलो म्हणतात. फोटोत मी ढाल धरून उभा आहे. मला त्यातले काहीच आठवत नाही.

याला सहा वर्षे झाली. टिनावर पाऊस पडू लागला की मी कान दाबून बसतो. कुकरची शिटी, एसटीचा हॉर्न, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा लाइट, सगळे डोक्यात घुसते. पोळ्याला माझ्याच बैलांच्या घुंगरमाळा मला सहन होत नाहीत, म्हणून तोरणाखाली जोडी माझा भाऊ नेतो. ते मला फार लागते. सगळ्यात कठीण कापूस वेचणीचे दिवस. पऱ्हाटी फुटली की उन्हात सारे वावर पांढरे चमकते. पहाटे जावे तर दवाने ओला कापूस वेचता येत नाही, आणि दव सुकेस्तोवर ऊन चढते. तासाभरात डोके ठणकायला लागते, दुसरा दिवस खाटेवर जातो. वेचणी बायको आणि माय करतात. “बाहेरून तं धडधाकट दिसते,” हे मी पारावरही ऐकले आणि सासुरवाडीतही.

सीटी स्कॅन नॉर्मल आला तेव्हा मलाच माझी शंका आली होती. पुढे नागपूरच्या एका डॉक्टरांनी नीट समजावले. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसते. मेंदू आतल्या आत हादरल्यावर त्याच्या कामात जो बिघाड होतो तो दिसत नाही. त्यासाठी बेशुद्ध पडावेच लागते असेही नाही. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. पण पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर त्रास लांबू शकतो, क्वचित जिवावरही बेतते. घरात सतत काळा चष्मा लावायलाही त्यांनी मना केले, कारण त्याने डोळे आणखी नाजूक होतात. उजेडाची सवय थोडी थोडी वाढवायची. तेच करतो आहे.

क्रिकेटमध्ये २०१९ पासून असा मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू उतरवता येतो. लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन आला तो याच नियमाने. कबड्डीत तर सात जण मैदानात असताना राखीव खेळाडू बाजूलाच बसलेले असतात. मग चाळीस मिनिटांच्या सामन्यासाठी पोट्ट्याला पुन्हा का उतरवायचे? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनमध्ये हा खेळ जगाला दाखवला. त्याच विदर्भात एवढे साधे व्हायला हवे.

माझे आयोजक मंडळांना हात जोडून सांगणे आहे. डोक्याला लागले, चक्कर आली, खेळाडू गोंधळला, तर त्या दिवशी त्याला बसवाच. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय परत घेऊ नका, आणि घ्याल तेव्हाही हळूहळू. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झापड किंवा झटका आला तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. आणि माइकवरून “वाघ परत उतरला” असे ओरडू नका. ते ऐकूनच मी उतरलो होतो.

आमच्या गावच्या मंडळाला मी लेखी अर्ज दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही. आपण सामन्यांच्या बातम्या छापता, तेव्हा बक्षिसाच्या रकमेसोबत हा नियम त्यांनी ठेवला आहे का, एवढे आयोजकांना विचारावे ही विनंती.

आपला,
एक माजी कबड्डीपटू
ता. दारव्हा, जि. यवतमाळ