टेकडीवरची सायकल

महोदय,

डोंगरवाटांसाठी सायकल घेताना अनेक जण दोन्ही चाकांना सस्पेन्शन (धक्के शोषणारी रचना) असलेल्या स्वस्त, दिसायला भारदस्त सायकलीला भुलतात. प्रत्यक्षात ती इतकी जड असते की पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या चढावर ढकलतच न्यावी लागते. त्याच पैशांत फक्त पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक आणि निदान २.१ इंच रुंदीचे खाचदार टायर असलेली सायकल कितीतरी बरी. चाक २७.५ इंची की २९ इंची, हा वाद नंतर घालावा. आधी दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहावे आणि दांडी व जांघ यांच्यामध्ये तीन-चार बोटांचे अंतर उरते का, ते पाहावे. (दुकानदार हे क्वचितच सुचवतात.)

वाटांचा प्रश्न मात्र खरेदीइतका सोपा नाही. ओल्या मातीत चाकांची चाकोरी पडते, त्यातून पुढच्या सरीचे पाणी वाहते आणि पायवाट खचते, म्हणून पावसानंतर वाट वाळेपर्यंत सायकलस्वारांनी डांबरी रस्त्यावरच समाधान मानावे. पायवाटांवर सायकलींचा त्रास होतो, ही सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांची तक्रारही रास्त आहे. वन विभागाने व महापालिकेने कोणत्या वाटेवर, कोणत्या वेळी सायकल चालेल, याचे स्पष्ट फलक टेकडीच्या पायथ्याशी लावावेत, ही विनंती.

– एक सायकलस्वार, पुणे