मिरजेच्या कॅसेटवाल्या अण्णांना

अण्णा,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी बाबांची जुनी कॅसेट तुमच्या दुकानात ऐकून निघताना मी हात जोडले, तर तुम्ही “असू दे, असू दे, त्यात काय एवढं” म्हणालात आणि लगेच कुणाच्या तरी मोबाइलला काच बसवायला घेतलीत. त्यामुळे जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दामच घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडायचं नाही. लक्ष्मी मार्केटच्या बाजूला ज्यांनी उमेदीच्या वयात कॅसेटी घेतल्या, ते तुम्हाला बरोबर ओळखतील.

बाबांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना ठाऊक नाही. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे रात्र रात्र बसून त्यांनी कान तयार केला. १९८७ साली सांगलीतल्या एका छोट्या कंपनीनं त्यांच्या मंडळाच्या बुवांची अभंगांची कॅसेट काढली. आतल्या कार्डावर, खालून दुसऱ्या ओळीत, ‘संवादिनी साथ’ असं लिहून पुढे बाबांचं नाव छापलेलं होतं. बाबांचं वाजवणं साठवलेलं असं जगात एवढंच आहे.

आज हे कुणाला फारसं वाटायचं नाही. पण त्याआधी आपल्या भागातल्या माणसाची ध्वनिमुद्रिका निघणं म्हणजे केवढी गोष्ट होती! तबकडी काढायची तर ग्रामोफोन कंपनीच्या मर्जीत बसावं लागे, आणि तबकड्या छापणारा कारखाना तिकडे कोलकात्याजवळ दमदमला. कॅसेट आली आणि हे सगळं मोडलं. एक खोली, दोन-चार माइक आणि प्रती काढायचं यंत्र, एवढ्यावर तालुक्याच्या गावातसुद्धा कंपनी उभी राहू लागली. तुमच्या फळ्यांवर मोठ्या नावांच्या शेजारी आमच्या भागातले शाहीर, कीर्तनकार, भारूडवाले, वगवाले ओळीनं लागलेले असत, ते त्यामुळेच. मुंबईच्या कुठल्याही यादीत ही माणसं नव्हती. ती फक्त दुकानांत होती. कुठल्या बुवांची कॅसेट कुठल्या गावच्या जत्रेच्या आधी मागवून ठेवायची, हे तुमच्यासारख्यांना तोंडपाठ होतं.

म्हणून “यूट्यूबवर असेल की” असं कुणी म्हटलं की मला राग येतो. नाहीये. आणि बाबांची कॅसेट तिथे का नाही, हेही मला आता कळलं आहे. आपल्या कायद्यानं ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं राहतो. १९८४च्या दुरुस्तीनंतर कॅसेटवर काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क कोणाचा आणि पहिल्यांदा कोणत्या वर्षी निघाली, हे छापणं बंधनकारक झालं. बाबांच्या कार्डावर तो पत्ता आहेही. त्या जागी आता दुसरीच इमारत उभी आहे आणि कंपनीचं नाव सांगितलं तर शेजारचेही खांदे उडवतात. हक्क शाबूत आहे, पण हक्कदार सापडत नाही. मग परवानगी द्यायची कोणी? ज्या गाण्याला मालक सापडत नाही, त्याला गाण्यांच्या ॲपमध्ये जागा नाही. बरं, जी गाणी तिथे आहेत त्यांत तरी पेटी कोणी वाजवली, तबल्यावर कोण होतं, हे कितीदा लिहिलेलं असतं? कॅसेटच्या त्या बोटभर कार्डावर अगदी टाळकऱ्यांपर्यंत नावं असायची.

आता ज्यांच्याकडे आम्ही आधी गेलो त्यांच्याविषयी. गाण्यांच्या एका ॲपवाल्यांना मी सगळा तपशील लिहून विचारलं. त्यांनी भलत्याच गायकाच्या अभंगांचा दुवा पाठवला आणि खाली ‘आपली समस्या सुटली आहे’ असं कळवून टाकलं. मग पुण्यातल्या एका दुकानात बाबांजवळची कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायला दिली. फाइल मिळाली. कॅसेट मात्र परत आली ती फीत तुटून, आतल्या आत गोळा झालेली. “जुनी होती, आमचा इलाज नाही.” बरं, तेही सोसलं असतं. पण पुढे जे झालं ते नाही सोसवत.

बाबांच्या कानाला मोठा हेडफोन लावून त्यांना ते ऐकवलं. फोनचा स्पीकर त्यांना पुरत नाही. दोन अभंग होईपर्यंत बाबा शांत बसले, मग हेडफोन काढून म्हणाले, “यात पेटी नाही.” आम्ही ऐकलं, पेटी स्वच्छ होती. परत लावलं. परत तेच. “तबला आहे, बुवा आहेत, टाळ आहेत. मी नाही.” त्या दुकानातला मुलगा हसून म्हणाला, “काका, आहे ते हेच आहे. वय झालं की असं वाटतं.” घरीही मग कुजबुज सुरू झाली. डॉक्टरांना दाखवायचं का, विस्मरणाची सुरुवात तर नाही ना. ज्या माणसानं उभा जन्म सुरावर काढला, त्याला स्वतःची पेटी ओळखता येत नाही, असं त्याच्या तोंडावर ठरवलं गेलं. बाबांनी नंतर कॅसेटचा विषयच काढला नाही. ते वाद घालणाऱ्यातले नाहीत.

म्हणून तुमच्याकडे आलो तेव्हा बाबा यायलाही तयार नव्हते. दुकानात पुढे सगळी मोबाइलची कव्हरं, चार्जर, रिचार्जचे फलक. मला वाटलं, आता इथेही काही नाही. तुम्ही बाबांकडे पाहिलंत, बुवांचं नाव ऐकलंत, आणि “पोटमाळ्यावर बघायला पाहिजे” एवढंच बोललात. मग ती कॅसेट खाली आली, कागदी पट्टीसुद्धा न फाडलेली. तुम्ही तिचे पाच बारके स्क्रू काढलेत. फितीला आतून दाबून धरणारा तो नखाएवढा लोकरी तुकडा गळून पडला होता, तो दुसऱ्या कॅसेटमधला काढून बसवलात. हे सगळं मी बघत होते आणि मनात धाकधूक एकच, की आता परत बाबा म्हणणार, यात पेटी नाही.

आणि बटण दाबायच्या आधी तुम्ही विचारलंत, “गुरुजी, कोणत्या कानानं नीट ऐकू येतं?”

अण्णा, हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

बाबांचा उजवा कान जवळजवळ गेलेला आहे. आम्हाला ते माहीत होतं, श्रवणयंत्रवाल्याला माहीत होतं, पुण्याच्या त्या दुकानातही मी सांगितलं होतं. पण गाणं लावायच्या आधी हे विचारावं, असं तुमच्याशिवाय कुणालाही सुचलं नाही. बाबा म्हणाले, डावा. तुम्ही मान हलवलीत, उठलात, उजवीकडचा स्पीकर वायरीसकट उचलून डावीकडच्या स्पीकरला चिकटवून ठेवलात, आणि स्वतःची खुर्ची तिथे सरकवून म्हणालात, “इथं बसा. तेव्हाचे लोक तबला एकीकडं टाकायचे आणि पेटी दुसरीकडं. तुमची पेटी तुमच्या बंद कानाकडं गेली असणार.”

एवढंच होतं ते. पेटी सगळी उजव्या बाजूला होती. हेडफोनमध्ये ती बाबांच्या बंद कानात वाजत होती, आणि चालू कानात फक्त तबला, बुवा आणि टाळ. आमचे दोन्ही कान धड, म्हणून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. बाबा सांगत होते ते अक्षरशः खरं होतं.

पहिला अभंग सुरू झाला. बाबा मान वाकडी करून ऐकत राहिले. दुसऱ्या कडव्यानंतर ते एकदम म्हणाले, “हे बघ, इथं भाता कमी पडलाय माझा. सूर खाली बसला.” तुम्ही कॅसेट थांबवलीत, मागे घेतलीत, ती जागा परत लावलीत, आणि नीट कान देऊन म्हणालात, “खरंय गुरुजी. जरासा.” मला तर कितीदा ऐकूनही तो फरक कळला नसता! तुम्ही खोटं कौतुक केलं नाहीत. “छे छे, किती सुंदर” म्हणाला नाहीत. वाजवणाऱ्याशी जसं बोलावं तसं बोललात. दोघं मिळून पहिली बाजू संपेपर्यंत जे बोलत होतात, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. पण बाबांचा आवाज शाळेत असायचा तसा चढला होता, आणि तो तसा मी फार दिवसांत ऐकला नव्हता.

दुकानाचं काय झालं, हे तुम्ही कॅसेट उलटी करता करता सांगितलंत, तेही तक्रार न करता. आधी स्टेशनबाहेर शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीड्या पालावर विकायला आल्या. मग कोपऱ्याकोपऱ्यावर दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. तुम्हालाही लोकांनी आग्रह केला, पण ती गाणी चोरीची, म्हणून तुम्ही ते केलं नाहीत आणि गिऱ्हाईक घालवलंत. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि उरलेलं कामही संपलं. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस बंद झालं होतं. त्याआधी २०१३मध्ये कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरचं म्युझिक वर्ल्ड गेलं. त्यांच्यावर पेपरांत रकाने भरून आलं, आणि यायलाच हवं होतं. तुमच्यासारख्या दुकानांची पाटी बदलली तेव्हा मात्र कुणी दोन ओळीही लिहिल्या नाहीत. मला हे फार लागतं. मोठ्या दुकानांत जे होतं त्यातलं पुष्कळसं दुसरीकडे कुठेतरी मिळतं. तुमच्या फळ्यांवरचं कुठे मिळणार?

काळच तसा आहे, कोण काय करणार, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९२१ साली सुरू झालेलं एचएमव्हीचं दुकान २०१९मध्ये बंद झालं, आणि २०२३मध्ये परत उघडलं. तबकड्या हातात घेऊन बघायला लोक तिथे पुन्हा जातात. आपल्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही. मिरजेत कॅसेटचं दुकान पुन्हा चालेल, अशी आशा तुम्हालाही नाही. पण गिऱ्हाइकाला समोर बसवून, त्याला काय ऐकू येतंय हे विचारून गाणं लावणारा माणूस नको झाला, असं कुणी ठरवलं? फोनला सगळी गाणी ठाऊक असतील, पण ऐकणाऱ्याचा कान तुम्हाला ठाऊक असतो. आणि म्हातारा माणूस काही सांगत असेल तर आधी ते खरं धरून चालायचं, ही सभ्यता तुमच्यात आहे. ती दुकानदारीतून आली की घरातून, देव जाणे. जिथून आली त्यांनाही माझा नमस्कार.

पैशांचं तुम्ही ऐकलं नाहीत. कार्डावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेतला नाहीत, वर जुना टेप नीट करून देतो म्हणालात. तो मी घेऊन येणार आहे. पेटीचा आवाज दोन्हीकडे सारखा येईल अशी फाइलही तुमच्या ओळखीच्या मुलाकडून करून घेऊ. यावेळी कॅसेट तुमच्या देखत राहील, कुणाच्या हवाली करायची नाही.

आणि एक विनंती. पोटमाळ्यावरची खोकी दिवाळीच्या आधी भंगारात काढायची आहेत असं तुम्ही बोलता बोलता म्हणालात. कृपा करून काढू नका. मी आणि माझी भाची सुट्टीत येतो. एकेक कॅसेट उघडून कार्डावरची सगळी नावं लिहून काढतो, पेटीवाले, तबलजी, टाळकरी, कोरसवाल्या बायका, सगळी, आणि प्रत्येक कार्डाचा फोटो घेतो. गाणी लोकांसमोर टाकायचा हक्क आपल्याला नाही, पण अमक्या गावच्या अमक्या माणसाची कॅसेट निघाली होती आणि ती कुठे आहे, हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्यांची नावं सापडतील त्यांच्या घरी आपण कळवू. त्यातले किती जण, किंवा किती जणांची मुलं, आमच्यासारखी शोधत असतील कोण जाणे. बाबा म्हणतात, तेही येणार. पेटीवाल्यांची नावं वाचली की कोण कुठल्या मंडळातलं हे ते सांगतील.

तोवर भंगारवाला आला तर त्याला सरळ नाही म्हणा. लागलं तर माझं नाव सांगा.

आपली,
गुरुजींची थोरली