लाल मातीवर एकहाती बॅकहँडचा निभाव लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर मातीवरच्या टेनिसमधल्या बॅकहँडची (हाताची मागची बाजू पुढे ठेवून मारायच्या फटक्याची) तुलना करणारा लेख नुकताच वाचला. जोकोविच, नदाल, वावरिंका, झ्वेरेव आणि सिनर यांची नावं त्यात होती आणि पहिला क्रमांक जोकोविचला दिला होता. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण लेखाच्या शेवटी एक वाक्य होतं: लाल मातीवर चेंडू खांद्याच्या वर उसळतो, त्यामुळे तिथे एकहाती बॅकहँडचा निभाव लागत नाही. हल्ली टेनिस बघणारा जो तो हे सहज बोलून जातो. आपल्या नागपुरातल्या क्लबांत आणि मुलांच्या शिबिरांतही तेच ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून हे पत्र.

आधी जुनं रेकॉर्ड बघू. १९९५ ते २००४ या १० वर्षांत पॅरिसला, म्हणजे फ्रेंच ओपनमध्ये, पुरुष एकेरीची ६ विजेतेपदं एकहाती बॅकहँड खेळणाऱ्यांनी जिंकली. १९९५ मध्ये थॉमस मुस्टर, १९९७, २००० आणि २००१ मध्ये गुस्तावो कुएर्तेन, २००२ मध्ये अल्बर्ट कोस्टा आणि २००४ मध्ये गॅस्टन गॉडिओ. माती तीच होती, खाली चुनखडीचा थर आणि वर विटांच्या भुकटीचा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा लाल थर. तेव्हाही चेंडू उसळतच होता. मग २००५ नंतर असं काय झालं, की एकहाती बॅकहँडवाल्यांना फक्त दोन विजेतेपदं मिळाली, २००९ ला फेडरर आणि २०१५ ला वावरिंका?

झालं ते एवढंच, की नदाल आला.

नदाल डावखुरा. त्याचा क्रॉसकोर्ट, म्हणजे कोर्टावर तिरका जाणारा फोरहँड उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या थेट बॅकहँडवर यायचा. त्या चेंडूला मिनिटाला सरासरी ३,२०० फेरे असल्याचं मोजलं गेलं आहे. असा चेंडू टप्पा पडल्यावर वर तर उडतोच, शिवाय अंगापासून दूर बाहेर पळतो. एकहाती बॅकहँडला चेंडू शरीराच्या पुढे, कंबर ते छातीच्या उंचीवर हवा असतो. तो खांद्याच्या वर गेला की एकट्या हाताला जोर लावायला जागाच राहत नाही. मग खेळाडू दोन पावलं मागे सरकतो, नाहीतर स्लाइस करून, म्हणजे चेंडू कापत हळू परतवून वेळ मारून नेतो, आणि नदालला तेच हवं असायचं. फेडरर पॅरिसला नदालकडून ६ वेळा हरला, त्यातले ४ अंतिम सामने. ते सामने आपण सगळ्यांनी पाहिले, ते दुखणं मनात घर करून बसलं आणि एका माणसाच्या एका फटक्यावरून अख्ख्या मातीबद्दल नियम तयार झाला.

पण नदालने जिंकलेल्या १४ अंतिम सामन्यांत समोर कोण होतं, हेही मोजायला हवं. फेडरर ४ वेळा, थीम २ वेळा, वावरिंका एकदा. म्हणजे १४ पैकी ७ वेळा एकहाती बॅकहँडचा खेळाडू. मातीवर हा फटका टिकत नसता, तर ही मंडळी दोन आठवडे बाकी सगळ्यांना हरवून अंतिम फेरीत आली असती का? उरलेल्या सामन्यांत जोकोविच, फेरर आणि रूडसारखे दोन हातांचे खेळाडूही हरलेच. रोलाँ गॅरोवर, म्हणजे फ्रेंच ओपनच्याच कोर्टांवर, नदालने ११२ सामने जिंकले आणि फक्त ४ गमावले. ते ४ पराभव ज्यांनी केले, ते सोडरलिंग, जोकोविच (दोनदा) आणि झ्वेरेव दोन हातांनीच बॅकहँड मारतात, हे मला मान्य आहे. नदालपुरता दुसऱ्या हाताचा उपयोग होतो, याबद्दल वादच नाही. माझा वाद त्यापुढच्या निष्कर्षाशी आहे.

जोकोविचचा पहिला क्रमांक मला का पटतो, तेही लिहितो, कारण आपल्या लेखात त्याच्या विनर्सवरच (थेट गुण मिळवणाऱ्या फटक्यांवरच) भर होता. त्याच्या बॅकहँडची खरी करामत पायांत आहे. तो डाव्या पायावर घसरत जातो, घसरत असतानाच फटका मारतो आणि घसरणं थांबेपर्यंत परत मधल्या जागेकडे वळलेलाही असतो. वर आलेला चेंडू तो डाव्या हाताच्या जोराने वरून दाबतो, त्यामुळे त्याला मागे सरकावं लागत नाही. २०१५ च्या उपांत्यपूर्व फेरीत नदालला त्याने ७-५, ६-३, ६-१ असं हरवलं, तेव्हा नदालचा तो उंच फोरहँड त्याने रेषेजवळ उभं राहून परतवला होता. त्या मानाने सिनरचा बॅकहँड माझ्या मते हार्ड कोर्टवर जास्त खुलतो. २०२५ चा अल्काराझविरुद्धचा ५ तास २९ मिनिटांचा अंतिम सामना तो किती थोडक्यात हरला हे आठवूनही माझं मत तेच आहे. नदालचा स्वतःचा बॅकहँड मात्र आपल्या लेखात उगाच दोन ओळींत उरकला आहे. तो टेनिस सोडून बाकी कामं उजव्या हाताने करतो. डावखुऱ्याच्या दुहाती बॅकहँडमध्ये उजवा हात वर असतो आणि जोर तोच लावतो. त्याचा क्रॉसकोर्ट बॅकहँड इतका जड का होता, ते यात आहे.

आता वावरिंका. जोकोविचने नदालला हरवलं त्याच वर्षी अंतिम सामन्यात वावरिंकाने जोकोविचला ४-६, ६-४, ६-३, ६-४ असं हरवलं. शेवटचा गुणही डाउन द लाइन (बाजूच्या रेषेला समांतर) बॅकहँडवर. त्याचा फटका हळू करून पाहा. डावा हात रॅकेटच्या मानेला धरून ती मागे खेचतो, उजवा खांदा इतका वळतो की समोरच्याला त्याची पाठ दिसते, मग डावा हात सुटतो आणि छाती उघडत रॅकेट खालून वर येते. एवढ्या मोठ्या हालचालीला वेळ लागतो, आणि तो वेळ मातीच देते, कारण टप्पा पडल्यावर चेंडूचा वेग तिथे सगळ्यात जास्त कमी होतो. हाच बॅकहँड घेऊन त्याने ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि अमेरिकन ओपन जिंकल्या. विम्बल्डनच्या वेगवान गवतावर मात्र तो उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे कधीच गेला नाही. एकहाती बॅकहँडला खरा त्रास वेगाचा होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या पहिल्या दहांत एकहाती बॅकहँडचा एकही खेळाडू उरला नाही. १९७३ ला क्रमवारी सुरू झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं आणि फटका संपला असं सगळ्यांनी जाहीर केलं. त्यानंतर दोनच महिन्यांत एकहाती बॅकहँडच्याच त्सित्सिपासने माँटे कार्लोचं तिसरं विजेतेपद मिळवलं, मातीवर. २०२५ मध्ये मुसेट्टी, तोही एकहातीच, माँटे कार्लोत अंतिम फेरीत आणि माद्रिद, रोम, पॅरिस या तिन्ही ठिकाणी उपांत्य फेरीत पोहोचला. एका मोसमात मातीवरच्या चारही मोठ्या स्पर्धांत एवढी मजल मारणं म्हणजे निभाव न लागणं असेल, तर निभाव लागणं कशाला म्हणायचं?

आणि आपल्या यादीत एकही महिला खेळाडू नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं. जस्टिन हेनिनने २००३, २००५, २००६ आणि २००७ अशी ४ वेळा फ्रेंच ओपन जिंकली. लहान चणीची ती मुलगी स्वतःच्या खांद्यावरून जाणारा चेंडू एका हाताने मारायची. उंच चेंडूची सगळ्यात जास्त अडचण तिला व्हायला हवी होती. तिने तो वर यायच्या आधीच, उसळी घेत असतानाच मारायची सवय लावून घेतली. मातीवरच्या बॅकहँडची तुलना तिला वगळून करताच येत नाही.

हे सगळं इतकं लांबवायचं कारण घरचं आहे. माझी नात उन्हाळी शिबिरात जाते. पहाटे कोर्टावर पाणी मारून रोलर फिरवलेला असतो, मुरूम जरा ओलसर असतो, तेवढ्या दोन तासांतच काय ते खेळून घ्यायचं, कारण नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की आठनंतर कोर्टावर उभं राहवत नाही. ती बॅकहँडला एक हात सोडू बघते. अजून फटका पूर्ण बसत नाही, पण अंगात लय आहे. तिला दर वेळी एकच ऐकवतात, दुसरा हात लाव, मातीवर हे चालत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दोन हात लावायला सांगणं योग्यच आहे, मनगटात तेवढी ताकद नसते. पण बारा-तेराव्या वर्षी, खांदा भरू लागल्यावर, ज्याला जमेल त्याला करून बघू द्यायला हवं. थीम लहानपणी दोन हातांनीच बॅकहँड मारायचा. प्रशिक्षक गुंटर ब्रेसनिक यांनी त्याला एक हात सोडायला लावला आणि पुढे तो पॅरिसला सलग दोन वर्षं अंतिम सामना खेळला. आपले पेस आणि बोपण्णा दोघेही एकहाती बॅकहँडचे आणि दोघांनीही दुहेरी प्रकारांत रोलाँ गॅरोवर विजेतेपद मिळवलेलं आहे.

आपलं क्रीडा पान इथले प्रशिक्षक आणि पालक रोज वाचतात, त्यात छापून आलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी कोर्टावर मुलांना ऐकवलं जातं. म्हणून विनंती आहे की या विषयावर पुन्हा लिहाल, तेव्हा कुएर्तेन आणि हेनिनच्या बॅकहँडवर सविस्तर लिहावं, शक्य झाल्यास पकड आणि पायांची जागा दाखवणाऱ्या छायाचित्रांसह.

आपला,
एक टेनिसप्रेमी वाचक
धरमपेठ, नागपूर