बेड सागवानाचा, झोपाळा फणसाचा

प्रिय आई-बाबा,

तुमच्या खोलीतला बेड घरच्या फणसाच्या फळ्यांचा नको म्हटल्यावर काल फोनवर बाबा एकदम गप्प झाले म्हणून लिहायला बसले. सांगून टाकते, बेडची ऑर्डर दिलीय. सागवान, भट्टीत वाळवलेलं, इथल्या वखारीतूनच.

बाबा, तुमच्या फळ्यांत खोट आहे म्हणून नाही हो. २०२० च्या निसर्ग वादळात फणस आडवा झाला तेव्हा सगळे सरपण करा म्हणत होते आणि तुम्ही फळ्या कापून घेतल्या, मध्ये पट्ट्या घालून पडवीत रचल्या, टोकं आधी सुकून चिरू नयेत म्हणून टोकांना रंग लावलात, सगळं आठवतंय मला. जाडीच्या एका इंचाला एक वर्ष धरलं तर दोन इंची फळ्या कधीच वाळल्यात. पण हवेवर लाकूड तिथल्या हवेइतकंच वाळतं ना. गणपतीत मीटर लावला तेव्हा सोळा टक्के ओल दाखवली, वखारीतलं सागवान दहा. इथे नेरूळला खोलीत रात्रभर एसी, त्यात सोळाचं लाकूड आखडत जाणार, लांबीत नाही, रुंदीत, फूटभर फळीला दोन-तीन मिलीमीटर सहज. मग सांधे ढिले होणार आणि तुम्ही कूस बदलली की बेड करकरणार, तुमची झोप आधीच किती सावध.

शिवाय कीड. आई, तुझ्या त्या पाटाखाली रोज सकाळी पिठासारखा भुसा पडायचा ना? भट्टीच्या उष्णतेने आतल्या अळ्या, अंडी मरतात, हवेवर वाळवून मरतीलच असं नाही.

भट्टीचं लाकूडही पावसाळ्यात ओल ओढतं हे बाबांचं बरोबर आहे, म्हणून फळ्या आधी त्याच खोलीत ठेवायच्या, मग कापायच्या आणि पॉलिश खालूनही मारायचं, असं सुताराला बजावलंय. उंची अठरा इंच घेतलीय, आईच्या गुडघ्याला उठताना त्रास नको. गोधड्यांना खाली मोठा ड्रॉवर आहे.

आणि फणसाचा झोपाळा होणार, गॅलरीत! तिथे बाहेरचीच हवा, फळ्या फारशा हलणार नाहीत. रंधा मात्र बाबांनीच मारायचा. त्या कुरळ्या पिवळ्या साली मी बांगड्या म्हणून कोपरापर्यंत घालायचे आणि तुम्ही मुद्दाम लांब लांब काढून द्यायचात, अजून तो वास आला की तुमच्या मांडीवर येऊन बसावंसं वाटतं.

आता ऐका. फळ्या कोणी उचलायच्या नाहीत, दिवाळीनंतर टेम्पो घेऊन मी स्वतः येतेय. वर प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल कोंडते, बुरशी धरेल. बाबा, बीपीची गोळी जेवणानंतर लगेच, पेपर वाचून झाल्यावर नाही. आई, झोपाळ्याच्या पितळी कड्या माळ्यावर आहेत, शेजारच्या कोणाकडून तरी काढून घे, शिडीवर तू चढायचं नाहीस.

तुमची,
मनू