सुध्या, आधी टेप घे, मग गाडी बघ

दिग्रस, जि. यवतमाळ
दि. १८ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

तुझं पत्र पोचलं. सहा लाख रुपये, तू आणि वहिनी, वर्षाला चार-पाच फेऱ्या, लोणार, चिखलदरा, नवेगावबांध आणि जमलं तर पंढरपूर. आणि प्रश्न एकच: कॅम्परव्हॅन, मोटारहोम की कॅरॅव्हॅन. उत्तर लांबणार आहे, चहा ठेवायला सांग.

आधी नावांचा घोळ निस्तरतो. कॅम्परव्हॅन म्हणजे साधी व्हॅन, आत झोपायची आणि चूल मांडायची सोय केलेली. मोटारहोम म्हणजे ट्रॅव्हलर किंवा मिनीबसच्या चॅसीवर बांधलेली खोली, आत उभं राहता येतं, संडास-न्हाणी सगळं असतं. कॅरॅव्हॅन म्हणजे इंजिन नसलेली खोली, गाडीच्या मागे ओढायची. आपल्याकडे सरकारी कागदातही पुष्कळदा या तिन्हींना कॅरॅव्हॅन म्हणतात. २०२१ सालचं राज्याचं पर्यटन धोरणही त्याच नावाचं आहे. आणि शोरूममध्ये जाऊन नुसतं 'कॅम्पर' म्हणालास तर पोऱ्या तुला बोलेरो कॅम्पर दाखवील. ती डबल केबिनची पिकअप आहे बावा, तीत झोपायचं तर हौद्यावर ताडपत्री ओढून!

मोटारहोम बाद कर. पैसे हे त्याचं एकच कारण नाही. ती उंच असते, आणि गावात शिरताना कडुनिंबाच्या फांद्या, लोंबणाऱ्या विजेच्या तारा, स्वागत कमानी सगळं तिच्या डोक्याला लागतं. संडासाची टाकी भरल्यावर ती रिकामी कुठं करणार? तशी सोय आपल्या वाटांवर नाही. आणि तीन-साडेतीन टनांचं धूड काळ्या मातीत एकदा रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ऑक्टोबरातली एक सर पुरते त्याला.

कॅरॅव्हॅनचा मोह तुला काहून पडला ते कळतं. दारात बोलेरो उभी आहे, मागे खोली जोडली की झालं. पण त्या खोलीला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो, वेगळा विमा लागतो, आणि ती मंजूर नमुन्याची असावी लागते. वेल्डिंगच्या दुकानात सांगाडा जोडून पत्रा ठोकला तर ती रस्त्यावर कायदेशीर होत नाही. ओढायचा हुकही मंजूर आणि चॅसीला बोल्टनं पक्का केलेला पाहिजे. बंपरला वेल्ड केलेला हुक खड्ड्यात निसटतो.

दुसरं, वजन कुठं आहे ते बघावं लागतं. खोलीच्या एकूण वजनापैकी साधारण ५ ते ७ टक्के भार हुकावर आला पाहिजे. ७०० किलोंची खोली असेल तर ३५ ते ५० किलो. पाण्याचे कॅन आणि बॅटरी मागच्या टोकाला ठेवली की हुकावरचा भार कमी होतो, आणि साठच्या वर गेलं की खोली सापासारखी वळवळायला लागते. तेव्हा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना जी वळणं आहेत त्यावर हे प्रकरण नको. रिव्हर्सची तुला भीती नाही, ट्रॅक्टरची ट्रॉली तू मागे घेतोसच, इथंही तसंच उलटं स्टिअरिंग. फक्त ट्रॅक्टरवर वळून मागे सगळं दिसतं, बोलेरोतून दिसत नाही.

वावरात कायमची उभी करून रखवालीची खोली म्हणून वापरणार असशील तर कॅरॅव्हॅन बरी. पण मग मुरमाचा ओटा कर आणि टेकूच्या जॅकखाली फूट बाय फुटाच्या फळ्या घाल, नाहीतर पहिल्या पावसात एक कोपरा बसतो आणि दार अडकतं.

म्हणजे उरली व्हॅन. तुझ्या पैशात जुनी पाच सीटची ईको, म्हणजे मारुतीची व्हॅन, खासगी पांढऱ्या नंबरची. तिचं कार्गो मॉडेल घेऊ नको. ती मालवाहू म्हणून नोंदलेली असते, तिला फिटनेसचं लफडं असतं आणि मागे माणसं बसवता येत नाहीत. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि ओढ मागच्या चाकांना असते. ओढ मागे असल्यानं मागे सामान भरलेली गाडी घाटात चांगली चढते. इंजिन सीटखाली असल्यानं दिवसभर चालवून थांबलास की पुढचा भाग दोन-अडीच तास गरम राहतो. म्हणून झोपताना डोकं मागच्या दाराकडे, पाय इंजिनकडे.

आता टेप. पुढच्या सीट जेवढ्या पुढे सरकतात तेवढ्या सरकवून, पाठी उभ्या करून, तिथपासून मागच्या दाराच्या आतल्या पत्र्यापर्यंत मोज. तुझ्या उंचीत १० सेंटिमीटर मिळव. तेवढं भरत नसेल तर पलंगाचा शेवटचा तुकडा बिजागरीनं पुढच्या सीटच्या पाठीवर टेकवावा लागेल. मागच्या चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदीही मोज, कारण पलंगाची उंची त्या फुगवट्यांवरून ठरते आणि पलंगावर बसल्यावर डोकं छताला लागतं की नाही ते त्यावरून.

पलंगाला २५ बाय २५ मिलिमीटरचा, १.६ जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. मीटरला सव्वा किलोच्या आत बसतो, १२ मीटर लागला तरी १४-१५ किलो. वर १२ मिलिमीटरचा प्लाय. तुमच्याकडचा सुतार १८ चा सांगेल, पक्कं होतं म्हणेल, ऐकू नको. ८ बाय ४ ची १८ ची शीट पस्तीसेक किलो भरते, १२ ची तेवीसच्या आसपास. पाइपांमधलं अंतर ४० सेंटिमीटर ठेवलं की १२ ची लवत नाही. प्लायमध्ये नुसते स्क्रू मारू देऊ नको. पांदण रस्त्यावरच्या हादऱ्यांनी महिनाभरात त्यांची भोकं मोठी होतात आणि पलंग कुरकुरायला लागतो. आरपार बोल्ट आणि नायलॉकचे नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यानं ढिले न होणारे. फोम ३२ डेन्सिटीचा, तीन इंच.

आणि सगळं सुटं ठेव, चार बोल्ट काढले की बाहेर निघेल असं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल अशी गाडीची रचना बदलता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं. छत कापून खिडकी करणं, छत उंच करणं यात सापडतं. अपघात झाला की विमावाला पहिल्यांदा तेच बघतो. मागची सीट काढायची असेल तर आसनसंख्या आरसीवर असते, तेव्हा आरटीओत आधी विचार आणि उत्तर कागदावर घे.

उन्हाचं बोलू. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो, बंद गाडीचा पत्रा तर हात लावू देत नाही. छताच्या आतून १३ ते १९ मिलिमीटरचा, एका बाजूला चांदीची पन्नी असलेला नायट्राइल (रबरी) किंवा एक्सएलपीई (प्लास्टिकचा) फोम चिकटव, तो उष्णता अडवतो. थर्माकोल नको, तो कुरकुरतो आणि पेटतो. फोम चिकटवण्याआधी पत्रा थिनरनं पुसला नाही तर पहिल्याच उन्हाळ्यात तो सुटून डोक्यावर येतो. पांढऱ्या रंगाची गाडी मिळाली तर तीच घे. काचांना चांदीच्या शीटचे मापात कापलेले पडदे, तेही बाहेरच्या बाजूनं. आतून लावले तर ऊन काचेतून आत येऊन मगच अडतं.

एसीचा विचार सोड. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात पाच-सहा युनिट खातो, आणि १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी सव्वा युनिट देते. म्हणजे चार-पाच बॅटऱ्या, त्या एसीपेक्षाही महाग. कूलर कर! आपली हवा कोरडी, पाणी उडालं की गारवा येतो. तासाला १ लिटर पाणी उडालं तर पावणेसातशे वॅट उष्णता ओढली जाते. १२ व्होल्टचा छोटा कूलर पंख्या-पंपासकट ४० वॅट घेतो. रात्रीचं पाणी १० ते १२ लिटर. मात्र कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवावी लागते, नाहीतर ओली हवा आत कोंडते आणि पहाटे गादी दमट लागते. जूननंतर कूलर घरी ठेव, पावसाळ्यात तो काही कामाचा नाही.

एक गोष्ट तुझ्या दर्यापूरकडची. खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालीच खारट असलेलं पाणी कूलरमध्ये घातलंस तर दोन रात्रींत गवतावर पांढरी खपली चढते, तिच्यातून हवा जात नाही, आणि पंपाच्या पात्यांत मीठ बसून तो गुरगुरतो. पाणी रोज सकाळी ओतून द्यायचं, अर्धवट उरलेल्यात वरून भर टाकायची नाही. पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं. पिण्याचं पाणी तर घरूनच, २० लिटरचे दोन कॅन. दोघांना पिण्या-रांधण्याला दिवसाला १० ते १२ लिटर लागतं. आंघोळ ढाब्यावर किंवा पेट्रोलपंपावर.

विजेचा हिशेब तुझ्यासाठी सोपा आहे. पंखा, दोन एलईडी, दोन मोबाइल मिळून रात्रीला २५० वॅट-तास, कूलर धरला तर पावणेसहाशे. १०० अँपिअर-तासाची एक लिथियम बॅटरी सव्वा युनिट, म्हणजे साडेबाराशे वॅट-तास देते, तेव्हा कूलरसकट दोन रात्री चालते. फ्रिज घेतलास की तो एकटाच दिवसाला ५००-६०० खातो आणि सगळा हिशेब दुप्पट होतो. थर्माकोलचा डबा आणि बसस्टँडवरून बर्फ, पिण्याला छागल, ती पाणी गार ठेवणारी कापडी पिशवी, टांग आरशाला. दूध काय, रोज मिळतंच.

बॅटरी भरायला २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसव, तो चालत्या गाडीतून या बॅटरीला मोजूनच करंट देतो. गाडीच्या बॅटरीतून थेट वायर ओढली तर लिथियम वाट्टेल तेवढा करंट मागते आणि अल्टरनेटर जळतो. सव्वा तास गाडी चालली की साध्या रात्रीचा खर्च भरून निघतो, म्हणून सोलर लागत नाही. तो टपावर लावलास तर गाडी उन्हात उभी करावी लागेल आणि आत तुम्ही भाजाल. एका जागी तीन दिवस मुक्काम असेल तर १०० वॅटचं सुटं पॅनल घे, ते उन्हात मांड आणि गाडी चिंचेखाली.

वायरीत कंजूषी करू नको. पुढून मागे येणारी वायर १० चौरस मिलिमीटरची, तांब्याची. फ्यूज ४० अँपिअरचा, दोन्ही टोकांना, बॅटरीपासून एका वितीच्या आत. बरेच वायरमन एकच लावतात, पण दोन्ही टोकांना बॅटरी आहे, वायर मध्ये कुठं घासली तर दोन्हीकडून आग पुरवली जाते. पत्र्यातून जिथं वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाची धार झाकणारी कडी, घालून घे आणि घातल्याची खात्री स्वतः वाकून कर. बॅटरी पलंगाखाली, इंजिनपासून लांब. ४५ अंशांच्या वर तापलेली असताना चार्ज केली तर तिचं आयुष्य घटतं.

गॅसचं थोडक्यात. ५ किलोचा छोटा सिलिंडर, स्वयंपाक गाडीच्या बाहेर मागचं दार उघडून, आणि झोपताना सिलिंडर खाली उतरवून ठेवायचा. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर पलंगाखाली साचतो. बुटेनचे डबे उन्हाळ्यात गाडीत विसरायचे नाहीत, फुटतात. डिसेंबरात थंडी वाजली म्हणून आत शेगडी पेटवायची नाही, ब्लँकेट घ्यायचं. पायाशी एक किलोचं एबीसी अग्निशामक, म्हणजे कापड, तेल आणि गॅस अशा आगींना चालणारं.

वजनाची बेरीज मी केली: पलंग ४०, बॅटरी १२, पाणी ४०, गॅस ११, गादी १०, कूलर ६, भांडी-कपडे ४०, तुम्ही दोघं १४०. तीनशेच्या आत. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन दोन्ही लिहिलेली असतात, त्यांच्या फरकात हे बसतं का ते वजाबाकी करून पाहा. टायरची हवा भरलेल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे; दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो.

गाडी बघायला दुपारी दोनला जा, सकाळी नको. खिशात फ्रिजवरचं चुंबक ने, चाकांच्या कमानी आणि छताच्या पन्हळीवरून फिरव. जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी आहे, खाली गंज. सीएनजीची टाकी असेल तर पलंगाखालची जागा गेली, ती गाडी सोडून दे. चॅसी नंबर आरसीशी ताडून बघ. कर्ज असेल तर फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरल्याचा) आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही होऊ देऊ नको. मग दारं-काचा बंद करून दहा मिनिटं आत उन्हात बस, वहिनींनाही बसव. वहिनी नाही म्हणाल्या तर गाडी घेऊ नको.

आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि टेपनं घेतलेली ती दोन मापं पाठव. सुताराला मी इथूनच सांगतो.

तुझा,
बाळ्या