ग्वाटेमालाहून पत्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर नुसतं 'सण छान झाला' एवढंच सांगून झालं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गेलेल्या माणसांची आठवण काढायचा हा सण. १ नोव्हेंबरला इथली माणसं सहकुटुंब कबरस्तानात जातात. त्याआधीच कबरी धुऊन, निळा, हिरवा, गुलाबी असा ताजा रंग देऊन झालेला असतो. वर झेंडूची रास. आई, आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा बरं का! कबरींच्या मधून पोरं पळत असतात, म्हाताऱ्या बायका शेजारी बसून जेवतात, गेलेल्या माणसाबद्दल मोकळेपणी बोलतात. मला सगळ्यात आवडलं ते हेच.

बाबा, तुम्हाला मात्र सुंपांगो गावचे या सणाचे पतंग दाखवायला हवे होते. बांबूचा सांगाडा, त्यावर पातळ रंगीत कागद. चित्रं रंगवलेली नसतात, कागदाचे बारीक तुकडे एकावर एक चिकटवून केलेली असतात. काही पतंग पंधरा मीटरहून मोठे! गावातली तरुण मुलंमुली दिवसाची कामं उरकून महिनोन्‌महिने रात्री त्यावर बसतात. एवढे मोठे उडत नाहीत, दोर लावून मैदानात नुसते उभे करतात. लहान पतंग मात्र उडवतात, आणि त्या दोऱ्यावरून आपला निरोप वर पोहोचतो अशी श्रद्धा आहे. कडेच्या झालरींची फडफड वाईट आत्म्यांना पळवते म्हणे. सुंपांगो आणि सांतियागो साकातेपेकेस इथल्या या कलेला २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं.

पतंगांवर फक्त फुलं-पाखरं नसतात. माया या इथल्या मूळच्या लोकांचं विणकाम, स्त्रियांचे हक्क, तोडलेली जंगलं आणि युद्धसुद्धा असतं. १९६० ते १९९६ या यादवी युद्धात दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, त्यातली बहुतेक माया. कित्येकांचे देह घरच्यांना मिळालेच नाहीत. कबरच नसलेल्या माणसाची आठवण कुठे ठेवायची, हा प्रश्न त्या कागदासमोर उभी असताना माझ्या डोक्यातून जाईना.

जेवणात फियांब्रे होतं. भाज्या, लोणचवलेलं बीट, चीज, मांस, सॉसेज असे कितीतरी जिन्नस एकत्र केलेलं थंडगार ताट. आदल्या दिवशीच करून ठेवतात आणि नातेवाइकांकडे, शेजारी वाटतात. मी त्यातलं भाज्यांचंच तेवढं खाल्लं, आई. गुळाच्या पाकात दालचिनी घालून शिजवलेला भोपळा मात्र दोनदा मागून घेतला. रोजच्या जेवणात मक्याच्या तोर्तिया असतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात आणि बायका भाकरीसारख्याच हातावर थापतात. चुन्यामुळे मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. ही रीत हजारो वर्षांची आहे.

आपल्याकडे पितृपक्षात आजोबांचं पान वाढतो, पण त्यांच्याबद्दल बोलत कुणी नाही. ते गेले तेव्हा मी फार लहान होते. बाबा, त्यांच्या तरुणपणाचं, नोकरीचं, रागाचं, जे आठवेल ते लिहून पाठवाल का? आई, तुला सासरे म्हणून ते कसे वाटले, तेही लिही. खरं खरं लिही, मला राग येणार नाही.

बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये. थंडी सुरू झाली की आईने पहाटे बाहेर पडू नये.

तुमची,
मनू