विषय: नव्या फोर-बाय-फोर गाडीचा गिअर उतारावर लो रेंजमधून सुटत असल्याबद्दल व वारंवार दाखवूनही दुरुस्ती न झाल्याबद्दल तक्रार

प्रति,
माननीय प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
वाहन उत्पादक कंपनी, मुख्य कार्यालय.

महोदय,

मी चंदगड तालुक्यातील (जि. कोल्हापूर) काजू बागायतदार असून आपल्या कंपनीची डिझेल इंजिनाची, मॅन्युअल गिअरची फोर-बाय-फोर गाडी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून नवी कोरी खरेदी केली आहे. गाडी वॉरंटीत आहे. तिच्यातील एक गंभीर यांत्रिक दोष विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये अनेकदा दाखवूनही आजपर्यंत दूर झालेला नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याकडे पाठवीत आहे.

तीव्र उतारावर, ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समधून येणारी शक्ती पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर फोर-लोमध्ये (चारही चाके संथ पण जोरकस फिरवणाऱ्या लो रेंजमध्ये) आणि मुख्य गिअर पहिल्यावर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की काही अंतर गेल्यावर लिव्हर आपोआप मागे सरकतो आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये जातो. खाली "टक्" असा आवाज येतो, डॅशबोर्डवरील फोर-लोचा दिवा लुकलुकू लागतो, इंजिनाचे फेरे एकदम आयडलवर येतात आणि गाडी मोकळी सुटून वेग घेऊ लागते. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये गेला की इंजिन आणि चाके यांचा संबंधच तुटतो, त्यामुळे मुख्य गिअर कोणताही असला तरी तो गाडी धरू शकत नाही. उरतात ते फक्त ब्रेक. आमच्याकडची लाल माती पावसाळ्यात इतकी निसरडी होते, की ब्रेक दाबताच चाके अडतात आणि गाडी वळणाऐवजी सरळ घसरत जाते. अशा उतारावर इंजिनाच्या ओढीने सावकाश उतरायचे असते, आणि नेमक्या त्याच कामासाठी लो रेंज असलेल्या गाडीला मी जास्त पैसे मोजले आहेत. जुलैमध्ये पाठीमागे बागेतील कामगार बसलेले असताना गिअर असाच सुटला आणि पुढचे डावे चाक गटारात अडकले म्हणूनच गाडी थांबली. गटार नसते, तर त्यापलीकडे दरीच होती.

वर्कशॉपमध्ये पहिल्या खेपेला लिव्हरचे लिंकेज जुळवून देण्यात आले, त्यानंतर ट्रान्सफर केसमधील तेल बदलण्यात आले, आणि पुढच्या वेळी तर "टेस्ट ड्राइव्हमध्ये समस्या आढळली नाही" असा शेरा मारून गाडी परत देण्यात आली. ही टेस्ट ड्राइव्ह वर्कशॉपबाहेरच्या सपाट डांबरी रस्त्यावर, टू-व्हील ड्राइव्हमध्ये झाली होती, हे मी स्वतः पाहिले आहे. या गाडीत सेंटर डिफरेन्शियल (पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसल्यामुळे ती कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये चालवू नये, असे आपल्याच पुस्तिकेत लिहिलेले आहे आणि ते योग्यही आहे. परंतु ज्या रस्त्यावर फोर-लो लावताच येत नाही, त्या रस्त्यावर फोर-लोचा दोष कसा दिसणार? चढावर इंजिन चाकांना फिरवते, तर उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर चाके इंजिनाला फिरवू लागतात. त्यामुळे ट्रान्सफर केसमधील सरकती स्लीव्ह आणि गिअर यांच्या दातांवरचा दाब उलट्या बाजूस जातो. दातांचा उतार चुकलेला असेल, स्लीव्ह सरकवणारा शिफ्टर फोर्क वाकला असेल किंवा लिव्हर जागी धरून ठेवणारी स्प्रिंग व गोळी कमजोर असेल, तर गिअर नेमका त्याच क्षणी बाहेर पडतो. हे तपासायचे तर गाडी वजनासह उतारावरच न्यावी लागते आणि कारण शोधायचे तर ट्रान्सफर केस उघडावाच लागतो. यांपैकी एकही गोष्ट आजवर झालेली नाही.

याहून मला अधिक खटकलेली बाब कागदावरची आहे. मी प्रत्येक वेळी "उतारावर गिअर सुटतो" असे स्पष्ट सांगितले. जॉब कार्डावर मात्र सर्व्हिस ॲडव्हायझरांनी "लिव्हर कडक", "गिअर टाकताना आवाज" असे लिहिले. परिणामी आपल्या कार्यालयात माझ्या गाडीचा इतिहास उघडून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ही सुरक्षिततेशी निगडित तक्रार आहे, हे कळणारच नाही. शेवटच्या खेपेस मी माझे शब्द जसेच्या तसे लिहून घेतल्याशिवाय सही करणार नाही असे सांगितले, तेव्हा कुठे ते लिहिले गेले. वर्कशॉपमधील मेकॅनिक मंडळींबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यापैकी एकाने "हा केस उघडायला पाहिजे, पण वरून परवानगी आली पाहिजे" असे प्रामाणिकपणे सांगितले. ती परवानगी आपल्याकडूनच यावयाची आहे.

गिअर प्रत्येक वेळी सुटताना दातांच्या कडा अधिक गोल होत जातात आणि दोष वाढत जातो. उद्या वॉरंटी संपल्यावर हीच झीज माझ्या वापरामुळे झाली, असे उत्तर मला मिळू नये, म्हणून ही तक्रार वॉरंटीच्या मुदतीत नोंदवली गेली असल्याची लेखी पोच आपण द्यावी.

आपल्या तांत्रिक विभागाच्या अभियंत्याने माझ्यासमवेत, गाडीत नेहमीचे वजन ठेवून, उतारावर तपासणी करावी; चंदगडला येणे शक्य नसल्यास तशाच कच्च्या उताराची दुसरी जागा निवडण्यास माझी हरकत नाही. त्यानंतर ट्रान्सफर केस उघडून सदोष भाग, आणि दात झिजलेले असल्यास संपूर्ण असेंब्ली, विनामूल्य बदलावी व काय आढळले त्याचा लेखी अहवाल द्यावा. कोल्हापूरचे वर्कशॉप माझ्या गावापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, त्यामुळे दुरुस्तीच्या काळात पर्यायी वाहनाची सोय व्हावी, ही अपेक्षाही अवाजवी नाही. हाच दोष या मॉडेलच्या इतर गाड्यांत आढळत असेल, तर तो माझ्यापुरता राहत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०-अ अशाच धोकादायक दोषांच्या गाड्या परत बोलावण्यासाठी आहे.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तपासणीची तारीख न कळविल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये कोल्हापूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन आणि दोष दूर करणे, गाडी बदलून देणे किंवा किंमत परत करणे यांपैकी योग्य तो आदेश मिळावा, तसेच गाडीची प्रयोगशाळेमार्फत तपासणी व्हावी, अशी विनंती करीन. तशी वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते, कारण गाडीचे इंजिन उत्तम आहे आणि मला हीच गाडी वापरायची आहे. तपासणी होईपर्यंत मी ती बागेच्या उतारावर नेणे बंद केले आहे आणि काजूची पोती भाड्याच्या ट्रॅक्टरने वाहून आणीत आहे. त्या खर्चाच्या पावत्या मी जपून ठेवीत आहे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक, ता. चंदगड, जि. कोल्हापूर

सोबत: खरेदीचे बिल, नोंदणी प्रमाणपत्र व सर्व जॉब कार्डांच्या प्रती, उतारावर लिव्हर सुटतानाचे मोबाइलवरील चित्रण.